टॉल फेस्क्यूचं लॉन: आधी हरळीची सवय सोडा

थंड प्रदेशात घरासोबत लॉन पदरात पडलं की हात आपोआप हरळीच्या हिशेबाने चालतात: उन्हाळ्याच्या तोंडावर बी टाकायचं, बुटकं कापायचं, रोज संध्याकाळी पाणी मारायचं. टॉल फेस्क्यू या थंड हवामानाच्या लॉन-गवताला यातलं एकही मानवत नाही. हरळी धावते आणि मोकळी जागा स्वतःच भरून काढते. फेस्क्यू ठोंबाने वाढतं, फुटवे देतं, पण फारसं सरकत नाही. जिथे रोप मेलं तिथे टक्कल पडतं आणि ते बहुधा पुन्हा बी टाकूनच भरावं लागतं.

पेरणी उन्हाळा उतरताना करा. उत्तर गोलार्धात ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. दव गोठायला लागण्याआधी निदान सहा आठवडे हातात हवेत. तेव्हा जमीन उबदार असते, हवा गार होते आणि उन्हाळी तणांचा जोर ओसरतो. वसंतात पेरलं तर मुळं खोल जायच्या आत उन्हाळा गाठतो. वसंतात क्रॅबग्रास या उन्हाळी गवती तणासाठी उगवणपूर्व तणनाशक मारलं असेल तर ते फेस्क्यूचं बीही उगवू देत नाही. किती थांबायचं ते लेबलवर असतं.

‘केंटकी-31’ ही 1943 साली प्रसारित झालेली, मुळात चाऱ्याची जात. चिवट आहे, पण पान रुंद आणि भरड. घरासमोर टर्फ-टाइप, म्हणजे खास लॉनसाठीच्या जातींचं मिश्रण बरं. एक जात रोगाला बळी पडली तरी बाकीच्या उभ्या राहतात.

नव्या जागेला चौरस मीटरला 30 ते 40 ग्रॅम बी, विरळ लॉन दाट करायला त्याच्या निम्मं. मूठभर जास्त टाकायचा मोह आवरा: दाटीत रोपं केसासारखी बारीक राहतात आणि बुरशीने कोलमडतात. वाफसा असताना दाताळ्याने वरचा सेंटीमीटरभर थर मोकळा करा. अर्धं बी उभ्या दिशेने चालत, अर्धं आडव्या दिशेने चालत फेका, हलकं ओढून घ्या आणि दाबा. बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा फार खोल नको. जमीन पायाखाली घट्ट लागत असेल तर आधी मातीच्या गुळ्या उपसून भोकं पाडणारं यंत्र, म्हणजे एरेटर, फिरवा; नुसते खिळे टोचून काही साधत नाही.

उगवण 7 ते 14 दिवसांत. तोवर दिवसातून दोन-तीनदा हलका शिडकावा, पुढे हळूहळू कमी वेळा पण खोल पाणी. जम बसलेल्या लॉनला वाढीच्या दिवसांत पावसासकट आठवड्याला 25 ते 35 मिलिमीटर पुरतं. सरळ बाजूंचे रिकामे डबे स्प्रिंकलरखाली ठेवून मोजा. पानं निळसर-करडी दिसली आणि चालल्यावर पावलांचे ठसे उठून राहिले, की तहान लागली समजा.

पाणी पहाटे द्या. संध्याकाळी दिलं की पानं रात्रभर ओली राहतात, आणि रात्रीचं तापमान 20 अंश सेल्सिअसच्या वर असेल तर ब्राऊन पॅच हा बुरशीचा रोग ठरलेलाच. सकाळी दव असताना वाकून पाहा: डागाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते, पानावर फिकट तपकिरी चट्टा आणि त्याला गडद किनार. उन्हाळ्यात पिवळेपणा बघून नत्र टाकणारे हा रोग स्वतःच ओढवून घेतात. नत्राचा मोठा वाटा शरदातच द्या: एका वेळी चौरस मीटरला 5 ग्रॅम, म्हणजे 20 टक्के नत्राचं खत 100 चौरस मीटरला अडीच किलो.

कापणीची उंची 8 ते 10 सेंटीमीटर. नवी रोपं 11-12 सेंटीमीटर झाली की पहिली कापणी, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कधीच नाही. बुटकं कापलं की मुळं आखडतात, जमीन उघडी पडते आणि क्रॅबग्रासला आमंत्रण जातं. कापल्यानंतर दोन दिवसांनी सगळं लॉन पांढुरकं दिसलं तर रोग शोधत बसू नका. एक पान तोडून शेंडा बघा: चिरफाळलेला असेल तर मोवरचं पातं बोथट झालंय.