लॅपटॉपवर बसून रास्पबेरी पायसाठी पॅकेज बिल्ड करायचंय? मग डिपेंडन्सी (बिल्डला लागणारी इतर पॅकेजेस) कुणाची ते आधी बघा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरच कंपाइल करत बसलात तर दोन चहा होतात तरी बिल्ड चालूच असतं, त्यापेक्षा लॅपटॉपवर क्रॉस बिल्ड करा, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल करा, आणि तयार डेब फाइल (इन्स्टॉल करायचं पॅकेज) तिकडे टाका. मी डेबियन १२ हे लिनक्स धरून सांगतोय, लॅपटॉपचं आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) एएमडी६४, पायवर ६४ बिटवाली ओएस म्हणजे एआरएम६४, आणि उदाहरणाला नॅनो एडिटर.

एक घोळ आधीच मिटवू. बिल्ड म्हणजे कंपाइल जिथे चाललंय ते मशीन आणि होस्ट म्हणजे प्रोग्राम शेवटी जिथे चालणार ते, म्हणजे इथे पाय हा होस्ट, लॅपटॉप नाही! सगळे इथेच उलटं धरतात.

आता कामाला लागू, पण आपल्या रोजच्या सिस्टिमवर नको, एक चेंज-रूट किंवा कंटेनर (मूळ सिस्टिमपासून वेगळी ठेवलेली जागा) बनवा. डीपीकेजी या पॅकेज टूलला ॲड-आर्किटेक्चर देऊन एआरएम६४ जोडा, ॲप्ट (पॅकेजेस आणून बसवणारं टूल) जी सर्व्हरची यादी वाचतं त्यात सोर्स कोडवाली लाइन चालू आहे ना ते बघून ॲप्ट अपडेट मारा (उबंटूवाल्यांनो, तुमची एआरएम६४ पॅकेजेस वेगळ्या पोर्ट्स सर्व्हरवर असतात, ती लाइन टाकली नाही की ४०४ येत राहणार), मग क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४ टाका, कंपायलर वगैरे त्यातच येतं.

खरी डोकेदुखी पुढे. नॅनोला एनकर्सेस ही स्क्रीनवर मजकूर दाखवणारी लायब्ररी लागते, ती प्रोग्रामला लिंक होणार म्हणून एआरएम६४ची हवी, पण गेटटेक्स्टची (भाषांतरं हाताळणारी) टूल्स बिल्ड चालू असताना रन होतात म्हणून ती लॅपटॉपची हवीत. ही वाटणी ॲप्ट प्रत्येक पॅकेजच्या माहितीतलं मल्टी-आर्च फील्ड बघून करतं: 'फॉरेन' असेल तर लॅपटॉपचं चालतं, 'सेम' असेल तर लायब्ररी दोन्ही आर्किटेक्चरची शेजारी शेजारी बसते, पण व्हर्जन तंतोतंत एकच लागतं, जरा पुढेमागे झालं की ॲप्ट अडून बसतं. म्हणून ॲप्टच्या बिल्ड-डेप (बिल्डच्या डिपेंडन्सी बसवणाऱ्या) कमांडला हायफन ए एआरएम६४ द्या, आणि काय काय रिमूव्ह होणार ती यादी नीट वाचा. ॲप्ट लॅपटॉपचा पायथॉन काढून त्याजागी एआरएमचा पायथॉन टाकतो म्हणालं तर वाय दाबू नका, सोर्सच्या कंट्रोल फाइलमध्ये (डिपेंडन्सी लिहिलेल्या असतात ती) त्या डिपेंडन्सीपुढे कोलन नेटिव्ह, म्हणजे 'लॅपटॉपचीच घे', असं लावा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मग पॅकेज बनवणाऱ्या डीपीकेजी-बिल्डपॅकेजला तोच हायफन ए एआरएम६४ द्या, सोबत क्रॉस आणि नोचेक (टेस्ट वगळा) हे बिल्ड प्रोफाइल, कारण एआरएमच्या टेस्ट लॅपटॉपवर चालणार कशा.

'एक्झेक फॉरमॅट एरर' आला तर समजा मेकफाइलने (बिल्डच्या सूचनांची फाइल) एखादं छोटं टूल एआरएमसाठी बनवून इथेच चालवायला घेतलंय, ते टूल लॅपटॉपच्या जीसीसी कंपायलरने बनवायला लावा. क्यूईएमयू (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकूनही गाडी पुढे सरकते, पण मला तो जुगाड वाटतो. आणि लिंकर 'इनकम्पॅटिबल' म्हणून कुरकुरला तर मेकफाइलमध्ये नुसतं पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं टूल) लिहिलेलं असणार, त्याजागी एआरएमचा प्रीफिक्सवाला पीकेजी-कॉन्फिग द्या.

शेवटी बायनरीवर फाइल कमांड चालवा, एआर्च६४ (एआरएम६४चंच दुसरं नाव) दिसलं तरच डेब पायवर कॉपी करा.