४१६४१६ : सांगलीच्या पिनकोडाचे अवयव कसे पाडावेत

सांगलीकरांनी पत्त्याच्या शेवटी असंख्य वेळा लिहिलेली ४१६४१६ ही संख्या, मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म कागदावर तपासण्याच्या सरावासाठी फार सोयीची आहे. पिनकोडाचे पहिले तीन अंक टपालाच्या छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दर्शवतात. येथे दोन्ही त्रिकुटे सारखीच आली हा निव्वळ योगायोग, पण तो आपल्या पथ्यावर पडणारा आहे.

संख्या हाती येताच २, ३, ५ असे ओळीने भागत सुटू नये. आधी तिच्याकडे नीट पाहावे. ४१६ ला १००० ने गुणून त्यात पुन्हा ४१६ मिळवले की ही संख्या तयार होते, म्हणजेच ती ४१६ × १००१ आहे. १००१ = ७ × ११ × १३ हे पाठच असावे. उरलेल्या ४१६ ला दोनाने पाच वेळा भाग जातो आणि १३ उरतात. म्हणजे या संख्येत २ पाच वेळा, १३ दोन वेळा आणि ७ व ११ एकेकदा येतात.

विभाजक मोजण्यासाठी ते लिहून काढण्याची गरज नाही. कोणत्याही विभाजकात २ हा अवयव शून्य ते पाच वेळा, म्हणजे सहा प्रकारे घेता येतो. ७ आणि ११ प्रत्येकी दोन प्रकारे, १३ तीन प्रकारे. ६ × २ × २ × ३ = ७२. घातांकात एक मिळवण्याचा नियम पुष्कळांना पाठ असतो, पण तो एक म्हणजे ‘अवयव मुळीच न घेणे’ हा प्रकार, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते.

अशी नक्षी नसलेल्या संख्येला मात्र चिकाटी लागते. विश्रामबागचा ४१६४१५ घ्यावा. एककस्थानी ५ आहे, अंकांची बेरीज २१ आहे; ५ आणि ३ ने भागल्यावर २७७६१ उरतात. याचे वर्गमूळ १६६ आणि १६७ यांच्या दरम्यान असल्याने १६६ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासाव्या लागतील. ३ आणि ५ ने पुन्हा भाग जात नाही. ७, ११ व १३ साठी तीन वेगळे भागाकार मांडू नयेत; उजवीकडून तीन अंकांचा गट पाडून ७६१ − २७ = ७३४ काढावे. ७३४ ला या तिघांपैकी कोणीही निःशेष भागत नाही, त्यामुळे २७७६१ लाही भागत नाही. १००० ही संख्या १००१ पेक्षा एकानेच कमी असल्यामुळे ही युक्ती चालते.

१७ ने भाग जातो आणि १६३३ येतात. जुनीच मर्यादा धरून पुढे जाण्याची चूक येथे हमखास होते. मी स्वतः अशी पाने वाया घालवली आहेत. मर्यादा नव्याने काढावी: १६३३ चे वर्गमूळ ४१ च्या आत आहे. १७ पुन्हा जात नाही, १९ जात नाही, २३ ने ७१ येतात. एकूण अवयव ३ × ५ × १७ × २३ × ७१, आणि विभाजक ३२.

आता पुन्हा ४१६४१६ कडे वळावे. ती पूर्ण वर्ग नाही, कारण २, ७ आणि ११ विषम वेळा येतात. प्रत्येकाला एकेक जोडीदार द्यावा, म्हणजेच १५४ ने गुणावे. ६,४१,२८,०६४ मिळतात आणि त्यांचे वर्गमूळ नेमके ८००८ येते.