लिनक्स मिंट टाकल्यावर वायफाय गायब: माझा अनुभव

लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजसारखी एक ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं आणि वायफायचं चिन्हच दिसेना. ड्रायव्हर मॅनेजर मात्र ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा प्रोग्राम) इन्स्टॉल झाल्याचं दाखवत होता. ड्रायव्हर काढून परत टाकला, जुन्या कर्नलवर (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या आधीच्या आवृत्तीवर) बूट केलं, शेवटी सिस्टिमच नव्याने टाकली. दोन रात्री गेल्या, अगदी रडकुंडीला आलो.

खरं कारण टर्मिनलमध्ये कळलं. 'सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल' (ड्रायव्हर चालू करायची कमांड; 'डब्ल्यूएल' हे ड्रायव्हरचं नाव) दिल्यावर उत्तर आलं, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. म्हणजे ड्रायव्हर होता, पण सिक्युअर बूट (ओळखीची डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याने आणि ड्रायव्हरवरची सही फर्मवेअरच्या (लॅपटॉपमधल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) ओळखीची नसल्याने कर्नल तो आत घेत नव्हता.

आधी मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंगवर इंटरनेट घेतलं आणि ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल केला. मग त्या सहीची की, म्हणजे 'मोक' (मशीन ओनर की), ओळखीची करून द्यायला टर्मिनलमध्ये 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/मोक.डीईआर' दिलं. (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं; फाइलच्या नावातला 'मोक' कॅपिटलमध्ये, बाकी सगळं स्मॉल.) नवा पासवर्ड दोनदा विचारतो. तो साध्या अक्षरांचा ठेवा, पुढच्या स्क्रीनवर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो.

रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो. इथे डोळ्यांत तेल घालून बसा: 10 सेकंदांत कोणतीही कळ दाबली नाही तर तो निघून जातो आणि इम्पोर्ट परत करावं लागतं. माझं पहिल्यांदा तेच झालं. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', मग पासवर्ड (टाइप करताना काहीच दिसत नाही), शेवटी 'रीबूट'.

डेस्कटॉप उघडताच वायफायची यादी समोर आली. सिक्युअर बूट बंद करावं लागलं नाही.