गोल चौकातले पट्टे आणि सिग्नल: या चुका टाळा

मधोमध पुतळा, त्याभोवती गोल कठडा, चार-पाच बाजूंनी येणारे रस्ते, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी सिग्नल आणि डांबरावर अर्धे पुसलेले बाण. जालना, बीड, परभणी, नांदेड, कुठंही जा, असा एखादा चौक लागतोच. तिथं घोळ होतो तो गोलात शिरल्यावर. गाडी आत गेली की मग चालक विचार करायला लागतो, आपल्याला नेमकं कुठल्या पट्ट्यात जायचंय. शेजारी रिक्षा, मागं एसटी, डावीकडून दुचाकी. त्या दोन सेकंदांत गाड्या घासतात. लेन ठरवायची ती गोलाच्या पन्नासेक मीटर अलीकडं, जमिनीवरचा पहिला बाण दिसला की.

लेन चुकते कशी

आपल्याकडं गाडी डावीकडून चालते, म्हणून गोलाला वळसा घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं घालायचा आणि कठडा कायम आपल्या उजव्या हाताला ठेवायचा. बाण वेगळं काही सांगत नसतील तर हिशेब सोपा आहे. डावीकडच्या पहिल्याच रस्त्याला जायचं असेल तर डावी लेन, आणि डावा इंडिकेटर आधीपासून चालू. सरळ जायचं असेल तरी डावीच लेन धरा. आधी इंडिकेटर नको, आपल्याला हव्या रस्त्याच्या अलीकडचा रस्ता मागं पडला की डावा द्या. उजवीकडं जायचं किंवा पूर्ण फिरून परत यायचं असेल तर उजवी, म्हणजे कठड्याकडची लेन आणि उजवा इंडिकेटर. मग आपल्या अलीकडचा रस्ता ओलांडला की डावा इंडिकेटर देऊन, डावा आरसा पाहून, खांद्यावरून मागं एक नजर टाकून बाहेरच्या लेनमध्ये यायचं.

आतल्या लेनमधून थेट बाहेर पडण्यासाठी गाडी आडवी घालणं, ही गोलातली सगळ्यात महाग चूक. बाहेरच्या लेनमधला माणूस पुढं जाणार आहे की डावीकडं, हे तुम्हाला कळत नसतं, आणि तुम्ही त्याच्या नाकासमोर येता. जागा मिळाली नाही तर आणखी एक फेरी मारा. अर्धा मिनिट जातो, बंपर वाचतो. लातूरच्या गंजगोलाईला तर 16 रस्ते येऊन मिळतात. अशा ठिकाणी आपल्याआधी किती तोंडं येतात हे मोजूनच शिरावं, नाहीतर ऐन वेळी ब्रेक दाबला जातो आणि मागचा येऊन आदळतो.

छोट्या गोलात आणखी एक खोड दिसते. उजवीकडं वळायचंय, वळसा लांब वाटतो, म्हणून पुतळ्याच्या अलीकडूनच कट मारायचा. म्हणजे सरळ राँग साइड. समोरून नियमानं येणाऱ्याची नजर त्याच्या उजव्या हाताला असते, तुमच्याकडं नसते. त्यात कठड्याला फ्लेक्स लावलेले असले की तुम्ही त्याला दिसतच नाही.

आधी कोण जाणार

सिग्नल नसेल किंवा बंद असेल तर गोलात आधीपासून फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. बाहेरून येणाऱ्यानं उजवीकडं बघायचं आणि थांबायचं. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांतही हेच आहे. रस्त्याच्या तोंडाशी उलटा त्रिकोण किंवा जमिनीवर तुटक रेघांची दुहेरी ओळ दिसली, तर तिचा अर्थ हाच: साइड द्या. आपल्याकडं याच्या नेमकं उलटं चालतं. बाहेरचा जोर लावून घुसतो, आतला थांबतो, आतला थांबला की त्याच्या मागचे तुंबतात, आणि बघता बघता चारही रस्ते अडकून बसतात.

सिग्नल चालू असेल तर त्या क्षणी तो सांगेल ते खरं. वाहतूक पोलीस हातानं इशारा करत असेल तर सिग्नलपेक्षाही त्याचा हात मोठा. पिवळा दिवा नुसता लुकलुकत असेल तर वेग कमी करून, वर सांगितलेला हक्क पाळून जा. लाल लुकलुकत असेल तर आधी पूर्ण थांबा, मग निघा.

कुठला दिवा आपला

सिग्नल असलेल्या गोलात हा प्रश्न खराच अवघड असतो. पलीकडच्या रस्त्यासाठी लावलेला हिरवा दिवा कठड्यावरून आपल्यालाही दिसतो, आणि चालक तो आपलाच समजून गाडी काढतो. आपण ज्या स्टॉप लाइनपाशी उभे आहोत तिथला दिवा आणि त्याच्याच सोबतीनं पुढं बसवलेला दिवा, एवढेच आपले. मोठ्या गोलात आतही वेगळा सिग्नल असू शकतो. बाहेरच्या हिरव्यानं आत शिरलात म्हणजे आतला लाल माफ होत नाही. आतल्या स्टॉप लाइनवर थांबावंच लागतं.

शेजारच्या रस्त्याचा टायमर शून्यावर आला की गिअर टाकणारेही खूप. एका बाजूचा हिरवा संपल्यावर पुढच्या बाजूचा लागण्याआधी थोडा वेळ सगळीकडं लाल ठेवतात, चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी म्हणून. नेमका तोच वेळ आपण खातो.

पिवळ्या दिव्याचं गणितही लक्षात ठेवा. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला, विचाराचा एक सेकंद धरून, 25 ते 27 मीटर लागतात. ताशी 30 ला 17 च्या आसपास. पिवळा लागला आणि स्टॉप लाइन याहून लांब असेल तर थांबा. रेघेच्या इतक्या जवळ असाल की करकचून ब्रेक दाबावा लागेल, तरच पुढं निघा.

डावं वळण कायम मोकळं असतं, हा समज चुकीचा आहे. हिरवा बाण किंवा तसा फलक असेल तरच लाल दिव्यात डावीकडं जाता येतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा ओलांडणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये येतं. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

पुसलेले आणि दुहेरी पट्टे

लेन बदलली की जुने पट्टे काळ्या रंगानं झाकतात. दुपार कलली की, किंवा पावसात, तो काळा रंगही चकाकतो आणि जुने-नवे दोन्ही बाण सारखेच दिसतात. नव्या पट्ट्यात काचेचे बारीक मणी असतात. रात्री दिव्यात जो उजळतो तो नवा. दिवसा कडेचा किंवा डोक्यावरचा फलक पाहा. तरीही कळलं नाही तर ज्या लेनमध्ये आहात तिच्याच बाणानं जा आणि पुढून वळून या. अखंड रेघ सुरू झाल्यावर लेन बदलू नका.

उसाची ट्रॉली शेजारी नको

गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या चौकात येतात. गोलात शिरताना आणि बाहेर पडताना लांब गाडी डावीकडं वळते, आणि मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून, म्हणजे डाव्या बाजूनं कापत जातात. दुसरी ट्रॉली त्याहून आत येते. पुढं भरपूर जागा दिसते म्हणून डावीकडून घुसलेला दुचाकीवाला तिथंच रस्त्याची डावी कड आणि चाकाच्या मध्ये सापडतो. गोलाभोवती फिरताना हीच चाकं उजवीकडं, मधल्या कठड्याकडं सरकतात, म्हणजे उजवी बाजूही सुरक्षित नाही. तिच्या मागंच राहा, दोन गाड्यांइतकं अंतर ठेवून, आणि ती पूर्ण बाहेर पडू द्या.

पट्टे पुसले असतील, सिग्नल झाडाआड गेला असेल, तर शहरातल्या रस्त्यासाठी महापालिका किंवा नगरपालिकेला आणि वाहतूक शाखेला लेखी कळवा. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 ही हेल्पलाइन. चौकाचं नाव, कुठल्या गावाकडून येणारा रस्ता, दिवसा त्रास होतो की रात्री, आणि चालकाच्या उंचीवरून, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून काढलेला फोटो, एवढं त्यात हवंच.