कॅश काउंटरवर नवीन असाल तर: गल्ला जुळवायची रीत

साखळी दुकानात गल्ला मोजतात रात्री, पण तो बिघडतो दिवसभरात. म्हणून शिफ्ट सुरू होताना मिळालेले सुटे पैसे सुपरवायझरसमोर स्वतः मोजा, मगच सही करा. ‘आधीच्याने मोजलेत’ या भरवशावर सही केली की त्याची तूट तुमच्या नावावर चढते. ड्रॉवर फक्त तुमच्याच लॉगिनवर चालवा आणि पाणी प्यायला उठलात तरी लॉग आउट करा. एका ड्रॉवरला दोघांचे हात लागले की फरक कुणाचा, हे ठरवता येत नाही.

गिऱ्हाइकाने दिलेली नोट लगेच कप्प्यात टाकू नका. दोघांनाही दिसेल अशी ड्रॉवरच्या वर आडवी ठेवा, किती दिले ते मोठ्याने म्हणा, उरलेले पैसे त्याच्या हातात मोजून द्या, मग नोट आत. ‘मी मोठी नोट दिली होती’ हा वाद तिथल्या तिथे मिटतो. मध्येच कुणी ‘थांबा, ही घ्या, ती परत द्या’ म्हणाले तर पहिला व्यवहार पुरा करा, ड्रॉवर बंद करा आणि मगच पुढचे ऐका. बोलण्यात गुंतवून जास्तीचे पैसे काढून घेणारे हीच घाई करतात.

स्कॅन करतानाची एक सवय मात्र फार महागात पडते. एकाच किमतीचे तीन साबण आले, एक गुलाबाचा, दोन लिंबाचे. वेळ वाचवायला गुलाबाचाच तीनदा स्कॅन केला तर बिल बरोबर येते, गल्लाही जुळतो. पण संगणकात गुलाबाचे तीन विकले जातात आणि लिंबाचा एकही नाही. जिथे ऑर्डर आपोआप जाते तिथे गुलाबाचा माल जास्त येतो आणि लिंबाची फळी रिकामी असूनही ‘शिल्लक आहे’ असेच दिसत राहते. त्यामुळे प्रत्येक नग वेगळा स्कॅन करा. कोड वाचला जात नसेल तर खालचे 13 आकडे टाका. शेवटचा आकडा तपासणीचा असल्याने एखादा आकडा चुकला तर कोड जुळत नाही. तरी पडद्यावरचे नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिफ्टअखेर आधी सुरुवातीचे सुटे पैसे बाजूला काढा. मग नोटा, मग नाणी मोजा, आणि दुसरी मोजणी उलट्या क्रमाने करा. त्याच क्रमाने मोजले तर तीच चूक पुन्हा होते. मध्ये आकडा बघायचा असेल तर एक्स रिपोर्ट काढा, त्यात तोवरच्या विक्रीची बेरीज दिसते आणि आकडे तसेच राहतात. झेड रिपोर्टने दिवसाचे आकडे शून्यावर येतात, तो सुपरवायझरने सांगितल्यावरच.

मोजलेली रोकड आणि संगणकातली रोख विक्री यांत फरक आला तर घाबरू नका, आकडा नीट बघा. तो 9 ने पूर्ण भागला जात असेल तर बहुधा लिहिताना दोन आकडे उलटे पडलेत: 73 च्या जागी 37, फरक 36. बरोबर एका बिलाएवढी रोकड कमी असेल तर कार्डाचे बिल ‘रोख’वर टाकले गेले असेल, कार्ड मशीनची बेरीज तेवढीच जास्त दिसेल. सुरुवातीच्या सुट्यांएवढे पैसे जास्त भरले तर ते वजा करायचे राहिलेत. एकच नोट कमी असेल तर कोऱ्या नोटा चिकटल्यात का ते बघा, ट्रे उचलून खाली आणि ड्रॉवरच्या मागच्या फटीतही बघा. हे सगळे आठ तास उभे राहिल्यावर करायचे असते, म्हणून हक्काची सुट्टी टाळू नका. थकलेला माणूस बेरीज चुकतो.

एवढे करूनही तूट राहिली तर खिशातून गुपचूप भरू नका. चुकीचे बिल दुसऱ्या दिवशी सापडले की तुमचाच गल्ला जास्त भरतो आणि त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. फरक, तारीख, ड्रॉवरचा नंबर आणि शंका असलेल्या बिलाचा नंबर नोंदवहीत लिहा, सुपरवायझरची सही घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.