नव्या गावी, गुजराती मंडळीत रुळायचं कसं

बडोद्यात आमचं आडनाव हाच पहिला विनोद ठरला. गायकवाड. घरमालकांनी भाडेकरार वाचता वाचता चष्मा वर केला आणि विचारलं, "महाराजांचे कोण लागता?" मी म्हटलं, "कोणी नाही. आम्ही नगरचे ख्रिस्ती." त्यावर ते अजूनच गोंधळले. मिस्टरांना मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली होती, मला एका शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला होता, आणि रविवारी जायला सर्वांत जवळचं देऊळ, म्हणजे चर्च, होतं मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचं. मंडळी, म्हणजे तिथे जमणारा समाज, संपूर्ण गुजराती.

पहिले तीन रविवार दारात हस्तांदोलन झालं, हसून "या, या" झालं, आणि उपासना सुटल्यावर आम्ही दोघं रिक्षात. तिसऱ्या रविवारी मी चिडून मिस्टरांना म्हणाले, "माझा हात सगळ्यांनी हलवला, नाव एकानेही विचारलं नाही." आता त्याच दारात मी कित्येक वर्षं उभी राहते आहे, तेव्हा सांगते: चूक अर्धी त्यांची होती, अर्धी माझी. दरवर्षी जून-जुलैत नगर, जालना, सोलापूरकडून कुणाचा तरी फोन येतो, "काकू, मुलाला युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळाली, पण तिकडे चर्चमध्ये सगळं गुजरातीत ना?" फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी कागदाचं. निघताना आपल्या पाळकसाहेबांकडून सभासदत्वाचं पत्र घ्या आणि त्याची झेरॉक्स काढून ठेवा. "आम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), तुम्ही मेथडिस्ट, मग परत बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?" असं पुष्कळ जण घाबरून विचारतात. नाही लागत. १९७० साली उत्तर हिंदुस्थानातल्या बऱ्याच मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, त्यात आपलं नगरकडचं मिशनही गेलं. मेथडिस्ट त्या वेळी बाहेर राहिले आणि १९८१ मध्ये त्यांची मेथडिस्ट चर्च इन इंडिया उभी राहिली. पाटी वेगळी, पाणी तेच. पत्र दिलं की नाव दप्तरात चढतं. तेवढंच काम.

पण पाळकांवर सगळा भार टाकू नका. मेथडिस्टांत पाळकांची नेमणूक बिशप करतात. वार्षिक कॉन्फरन्समध्ये नावं वाचली जातात आणि तुमचे लाडके पाळक सामान बांधून दुसऱ्या गावी निघतात. पहिल्या बदलीच्या वेळी मी रडले होते. आमची ओळख फक्त त्यांच्याशीच झाली होती, म्हणून ते गेल्यावर आम्ही पुन्हा पहिल्या रविवारसारखे परके. ओळख बाकांवर बसलेल्यांशी करा. बाक बदलत नाहीत.

आता भाषा. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. ती मनात ओढली की निम्मी अक्षरं आपलीच निघतात, उरलेली महिन्याभरात जमतात. पाटीवर लिहिलेले गाण्यांचे आकडे तर पहिल्याच दिवशी कळतात. अनेक गीतांच्या चाली आपण लहानपणी म्हटलेल्याच असतात, शब्द तेवढे निराळे. सुरुवातीला मी सरळ मराठीत म्हणायचे, हळू आवाजात. शेजारच्या बेनना ऐकू गेलं. मला वाटलं आता रागावतील, तर दुसऱ्या कडव्याला त्या गप्प राहून माझं ऐकत होत्या. पुस्तक घरी न्या, आठवड्याला एक गीत बोटाने अक्षर दाखवत वाचा. मी तिसरीच्या मुलांना जसं वाचायला लावायचे, तसंच स्वतःला लावलं. सहा महिन्यांत पाळकांचा संदेश, म्हणजे प्रवचन, समजायला लागला.

समजायला लागला म्हणजे काय, अर्धवट समजला की पंचाईत जास्त होते. एकदा पाळकसाहेब वेदीवरून कळवळून सांगत होते, "एकबीजा माटे लागणी राखो." मी घाबरून मिस्टरांकडे बघितलं. मंडळीत कसली लागण झाली? पावसाळ्याचे दिवस, माझ्या वर्गात गोवराची दोन मुलं होती. उपासना सुटल्यावर बेनना विचारलं, तर त्या हसून हसून खाली बसल्या. गुजरातीत लागणी म्हणजे माया, जिव्हाळा. हा किस्सा आजही लग्नाच्या पंगतीत निघतो. आमची खरी ओळख त्या हसण्यातून झाली, म्हणून चुकीचं गुजराती बिनधास्त बोला. देवाशी बोलताना मात्र आपल्या भाषेतच बोला. आमच्याकडे उभं राहून मराठीत प्रार्थना केली तरी "आमेन" सगळे म्हणतात.

म्हाताऱ्यांजवळ बसा. त्यांच्याकडून छप्पनियो दुष्काळ ऐका. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. त्या काळात मिशनच्या अनाथाश्रमात आणलेल्या मुलांची नातवंडं-पतवंडं आजही गुजरातच्या मंडळ्यांत आहेत. आपल्याकडेही दुष्काळात मिशनच्या ताटावर वाढलेल्या आज्या-पणज्या होत्याच. गोष्ट तीच, फक्त बाजरीच्या भाकरीऐवजी बाजरीचा रोटलो. ही गोष्ट एकदा ऐकलीत की "हे गुजराती, आम्ही मराठी" ही भिंत आपोआप बुटकी होते.

आता मुख्य मुद्दा. आशीर्वाद झाला की दाराकडे पळू नका. कुठलं तरी काम हातात घ्या. काय करू, असं विचारलंत की भिडस्त माणसं "तमे बेसो" म्हणतात. म्हणून न विचारता खुर्च्या एकावर एक रचायला लागा. चहाचे कप गोळा करा. माझं काम निघालं द्राक्षरसाचं, तेही योगायोगाने. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला, मेथडिस्ट दारू वापरत नाहीत. व्यसनमुक्तीचा आग्रह त्यांच्याकडे जुना. न आंबणारा बाटलीतला द्राक्षरसही १८६९ मध्ये वेल्च नावाच्या अमेरिकन मेथडिस्टानेच प्रभुभोजनासाठी काढला. आमच्याकडे तेव्हा रस घरी करायचे. शनिवारी संध्याकाळी ज्यांच्याकडे हे काम होतं त्यांची सून बाळंत झाली आणि मी सहज म्हणून गेले, "मी करते."

अर्धा किलो काळ्या मनुका चार पाण्यांनी धुवायच्या, देठ एकेक काढायचे, रात्रभर भिजत घालायच्या. पहाटे त्याच पाण्यात मंद आचेवर मऊ होईपर्यंत शिजवायच्या, गार झाल्यावर कुस्करून पंचाच्या दुहेरी फडक्यातून गाळायच्या. फडकं पिळायचं नाही, लटकवून ठेवायचं. पिळलं की रस गढूळ होतो आणि छोट्या पेल्यांच्या तळाशी गाळ बसतो. पहिल्यांदा मी पिळलं. साठ पेल्यांत गाळ! कुणी काही बोललं नाही. उपासनेनंतर एक वृद्ध बेन माझ्याबरोबर पेले धुवायला उभ्या राहिल्या आणि बोटाने तळ पुसत एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी फडकं टांगून ठेव, बेटा." साठ पेले धुऊन होईपर्यंत मला त्यांच्या तिन्ही मुलांची नावं, गुडघ्याचं दुखणं आणि घराचा पत्ता माहीत झाला होता. वर्षभर दर रविवारी हात मिळवून जे झालं नाही, ते एका बेसिनपाशी झालं.

जाता जाता प्रभुभोजनाविषयी एक. पुढे जायला संकोचू नका. आमच्या मंडळीत दुसऱ्या मंडळीचा सभासद म्हणून कुणाला वेदीपुढच्या कठड्यापासून परत पाठवत नाहीत. गुडघे टेकणाऱ्याकडे कार्ड मागायची पद्धत नाही.

आता हजेरी. मी बाई आहे, शाळेतली. बाईला कळतं की वर्गात कोण आहे हे बघणं सोपं असतं, कोण नाही हे बघावं लागतं. मेथडिस्टांचा तर जन्मच या सवयीतून झालाय असं माझं मत आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली आणि त्यांचे लोक इमारतीचं कर्ज कसं फेडायचं म्हणून बसले होते. ठरलं असं की बारा-बारा जणांचे वर्ग करायचे, दर माणशी आठवड्याला एक पेनी, आणि प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाने घरोघर जाऊन ती आणायची. ही कल्पना मांडणारा म्हणाला, सर्वांत गरीब अकरा जण मला द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरीन. वर्गणी मागायला गेलेली माणसं मग घराघरातलं बघून यायला लागली: कुठे आजारपण, कुठे दारू, कुठे नवरा-बायकोचा अबोला. कर्ज राहिलं बाजूला, विचारपूस हाच मुख्य धंदा झाला. वेस्लींनी पुढच्या वर्षी जे तीन नियम लिहिले तेही शाळेच्या फळ्यावर मावतील एवढेच: वाईट करू नका, चांगलं करा, आणि प्रार्थना-उपासना-प्रभुभोजन सोडू नका.

म्हणून एक वही करा. शंभर पानी पुरे. पहिल्या महिन्यात दर रविवारी फक्त तीन नावं लिहा, आणि प्रत्येक नावापुढे: कुठल्या बाकावर बसतो, आणि त्याने स्वतःहून सांगितलेली एक गोष्ट. "उजवीकडे चौथा बाक, मुलीची बारावी." "खांबाजवळ, डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर." वर्षभरात पाऊणशे घरं होतात. दोन रविवार बाक रिकामा दिसला की फोन, तिसऱ्या वेळी प्रत्यक्ष. फोनवर "का आला नाहीत?" असं विचारू नका, तो माझ्यासारख्या बाईचा प्रश्न, त्याला सगळे खोटं उत्तर देतात. "या बाजूला भाजीला येणार आहे, पाच मिनिटं येऊ का?" असं म्हणा. आणि वहीतलं वहीत ठेवा. कुणाचं दुखणं त्याला न विचारता प्रार्थनेची विनंती म्हणून सगळ्यांसमोर वाचून दाखवणं ही नुसती चहाडी आहे, आमेन म्हटल्याने ती पवित्र होत नाही. मी हे एकदा केलं आहे. त्या घराचं दार माझ्यासाठी दोन वर्षं बंद होतं.

उलट बाजूही सांगते. मिस्टरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस मंडळीतून कुणी फिरकलं नाही. मी आतल्या आत धुमसत राहिले, नगरला बहिणीला फोन करून "इथली माणसंच कोरडी" म्हणून घेतलं. नवव्या दिवशी त्या पेलेवाल्या बेन रस्त्यात भेटल्या, त्यांना सुनावलं. त्या डोक्यावर हात मारून म्हणाल्या, "कहेवुं तो जोईए ने!" सांगायला तर हवं ना! खरंच, मी कुणालाच कळवलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी घरात तीन डबे आले आणि तिन्हींत खिचडी-कढी. गोड कढीची सवय व्हायला मला अजून थोडी वर्षं लागली, ते सोडा.

ही वही कामाला येते तेव्हा फार कामाला येते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, वीज गेली, फोन बंद पडत होते. तळमजल्यावर एकटं कोण राहतं, इन्सुलिन कुणाच्या फ्रिजमध्ये आहे, हे तरुण संघाच्या मुलांनी माझ्या आणि आणखी दोघींच्या वह्यांतून लिहून घेतलं. यादीतली शेवटची दोन घरं मंडळीतली नव्हतीच, आमच्या सभासदांचे शेजारी होते. मुलांनी त्यांनाही खिचडीची पाकिटं दिली.

शेजाऱ्यांचं निघालंच म्हणून. दांडिया बाजार, रावपुरा भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि तुम्ही ख्रिस्ती म्हटल्यावर "मग तुम्ही मराठी कसे?" विचारतील. भांडू नका. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट न्या, प्रश्न तिथेच संपतो. उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, रविवारी आलं, जसं २०२४ ला आलं होतं, तर गच्चीवर बोलावणं येतं. जा, पण उपासनेनंतर. त्या दिवशी आमच्या पाळकसाहेबांनीही संदेश आटोपता घेतला. मुलांचे डोळे खिडकीबाहेरच्या पतंगांवर होते आणि, खरं सांगायचं तर, माझेही.

गेल्या रविवारी दारात एक मुलगा उभा होता. पाठीवर सॅक, हातात घडी घातलेलं पत्र, आत यावं की नाही असा चेहरा. श्रीरामपूरचा, युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर राहणारा. त्याने वाकून "सलाम, काकू" म्हटलं. मी नाव विचारलं, आडनाव नाही. मग म्हटलं, "पत्र खिशात ठेव आणि त्या चार खुर्च्या उचल, पाऊस येतोय."