किडनी स्वॅपच्या जोड्या लावताना

घरात किडनी द्यायला माणूस तयार आहे, पण रक्तगट जुळत नाही किंवा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, म्हणजे रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी सापडतात. अशा घरांनी आपापसांत दाते बदलायचे, एवढाच स्वॅपचा अर्थ. २०११ च्या दुरुस्तीने भारताच्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात त्याला जागा मिळाली. प्रत्येक दाता मात्र आपल्या रुग्णाचा कायद्याने ठरवलेला जवळचा नातेवाईक हवा. चुलतभाऊ किंवा मेहुणा चालत नाही. वर प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या ऑथोरायझेशन कमिटीची मंजुरी लागते.

नाव नोंदवताना रक्तगट दोन वेगवेगळ्या नमुन्यांवर तपासा. एचएलए टायपिंग (पेशींवरच्या ओळखखुणांची तपासणी) आणि रुग्णाची सिंगल अँटिजेन चाचणी (कोणत्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी आहेत ते दाखवणारी) करून घ्या. आधी रक्त चढवलंय का, स्त्री रुग्णाची बाळंतपणं किंवा गर्भपात किती, हेही विचारा. अँटीबॉडी बहुधा तिथूनच तयार होतात. बायको रुग्ण आणि नवरा दाता असेल, तर रक्तगट जुळूनही क्रॉसमॅच बिघडते ती बहुधा गरोदरपणामुळे. समोरच्या दात्याचं वय किती चालेल, हेही तेव्हाच लिहून घ्या. तिशीतल्या दात्याच्या बदल्यात साठीतला दाता मिळतोय, हे शेवटच्या आठवड्यात कळलं की घरचे माघार घेतात.

आता जुळवणी. समजा चार जोड्या आहेत. पहिलीत रुग्ण ए, दाता बी. दुसरीत रुग्ण बी, दाता ए. तिसरी दुसरीसारखी, चौथी पहिलीसारखी. फक्त तिसऱ्या रुग्णाच्या रक्तात चौथ्या दात्याविरुद्ध अँटीबॉडी आहेत. पहिली-दुसरी आधी आल्या म्हणून त्यांची गाठ मारली, तर तिसरी आणि चौथी लटकतात. पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी अशी लावली, तर चौघांचंही काम होतं. म्हणून जोडी आली की लगेच उरकू नका. ठरावीक दिवशी सगळी यादी एकत्र मांडा. जोड्या वीसच्या पुढे गेल्या की हे कागदावर झेपत नाही, संगणकच लागतो.

ओ गटाचा दाता जपून वापरा. तो कुणालाही किडनी देऊ शकतो, त्यामुळे सहसा थेट आपल्याच माणसाला देतो आणि स्वॅपच्या यादीत येतच नाही. ओ गटाचे रुग्ण मात्र साचत जातात, कारण त्यांना ओ गटाचीच किडनी चालते. पहिली जोडी: रुग्ण ए, दाता बी. दुसरी: रुग्ण बी, दाता ओ, क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. या दोघींची सरळ अदलाबदल होते, पण ओ किडनी ए रुग्णाला जाते. तिसरी जोडी रुग्ण ओ, दाता ए अशी असेल, तर पहिलीचा दाता दुसरीला, दुसरीचा तिसरीला, तिसरीचा पहिलीला द्या. अर्थात प्रत्येक नव्या जोडीची क्रॉसमॅच निगेटिव्ह हवी. ऑपरेशन थिएटर चारऐवजी सहा लागतील, पण ओ रुग्ण मागे राहणार नाही.

शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी ताज्या रक्तावर क्रॉसमॅच पुन्हा करा. मधल्या काळात रक्त चढवलं असेल, तर जुना अहवाल धरू नका. दोन रुग्णालयं असतील तर दात्याला हलवण्यापेक्षा किडनी बर्फात ठेवून पाठवणं घरच्यांना सोपं पडतं. दात्यांना भूल एकाच वेळी द्या. फोन चालू ठेवा आणि दोन्हीकडून ‘तयार’ आल्याशिवाय कुणीही छेद घेऊ नका. एका दात्याची किडनी काढल्यावर दुसऱ्याने नकार दिला, तर त्याला कुणी भाग पाडू शकत नाही.